कोणत्या कोंदणात कोणता खडा?

आमच्या घरात यंदा श्रावणापासून रत्नांची चर्चा चालू आहे. माणिक, पाचू, पुष्कराज, नीलम ही नावे आमच्याकडे कांदे-बटाट्यांच्या सहजतेने उच्चारली जातात. वाचकांपैकी कोणी प्राप्तिकर खात्यात असतील तर त्यांनी दचकून पेन्सिल हाती घेऊ नये. चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड आहे. तिथे सौ.च्या मंगळसूत्रापलीकडे सोने नाही, आणि रत्न म्हणावे असे एकच आहे. ते म्हणजे आमचे चिरंजीव.

चिरंजीव यंदा अकरावीत आहेत. एके रात्री अकराच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तो त्यांच्या खोलीतून दबलेला पण कळकळीचा आवाज आला : "अरे, माणिक तलवारीत कशाला घातलंस? फुकट गेलं ना! चिलखतात घालायचं होतं!"

मी तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिलो. एवढ्या रात्री माझा मुलगा कोणाला माणिक कुठे घालावे हे शिकवतो आहे, आणि ज्याच्याकडे तलवार नि चिलखत दोन्ही आहे असा हा माणूस कोण? दार ढकलले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. कानावर ते दोन वाट्यांचे यंत्र चढवून चिरंजीव कॉम्प्युटरसमोर बसले होते, आणि ज्याचे माणिक फुकट गेले तो त्यांचा वर्गमित्र निगडीला आपल्या घरी बसला होता. मी त्या वेळी बापाने बोलायचे ते सगळे बोललो. ते इथे छापण्यात अर्थ नाही. प्रत्येक घरात ते थोड्याफार फरकाने सारखेच असते.

परंतु दुसऱ्या दिवशी जेवताना कुतूहल आवरेना. मी विचारले, "काय रे, ते माणकाचे काय होते?"

पोराला वाटले मी थट्टा करतो आहे. मग खात्री पटल्यावर त्याने जे सांगितले, ते वाचकांपुढे ठेवतो. घरोघर मुले हे खेळ खेळतात, आणि आईबापांना त्यातले अक्षरही ठाऊक नसते.

हा खेळ म्हणजे 'डायब्लो' नावाच्या खेळाचा दुसरा भाग. तो २००० साली निघाला आणि २०२१ साली नव्या रंगरूपात पुन्हा आला. खेळणारा आपला एक योद्धा करतो आणि राक्षस मारीत हिंडतो. त्याच्या तलवारीला, ढालीला, शिरस्त्राणाला नि चिलखताला काही ठिकाणी रिकामी कोंदणे असतात. त्यांत रत्ने बसवायची. बसवले की योद्ध्याचा एखादा गुण वाढतो. रत्नांच्या पाच प्रती असतात, टवका उडालेल्या खड्यापासून निर्दोष खड्यापर्यंत. हलक्या प्रतीचे तीन खडे एकत्र केले की वरच्या प्रतीचा एक मिळतो.

इथपर्यंत मला सोपे वाटले. "मग सगळ्यांत भारी खडा घ्यावा नि घालावा. त्यात एवढे डोके ते काय?"

"बाबा, तिथंच तर गंमत आहे," तो म्हणाला. "एकच खडा प्रत्येक कोंदणात वेगळं काम करतो. माणिक तलवारीत घातलं तर वाराला आग लागते. चिलखतात घातलं तर आयुष्य वाढतं, उत्तम प्रतीचं असेल तर अडतीसनं. आणि ढालीत घातलं तर आगीपासून बचाव होतो, चाळीस टक्के. खडा तोच!"

"आणि चुकून भलतीकडे बसला तर?"

"गेला. सुटा करून परत मिळत नाही."

हे ऐकून मला त्या निगडीच्या मुलाबद्दल सहानुभूती वाटू लागली.

पुढे चिरंजीवांनी आणखी एक नियम सांगितला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटला. बचावाला मर्यादा असते. आग, थंडी, वीज, विष यांपासूनचा बचाव साधारणपणे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच लागू पडतो; त्याच्यावर कितीही खडे ठासले तरी कागदावर आकडा वाढतो, अंगावर काही चढत नाही. तसेच वार लागण्याचे. कितीही तरबेज झालात तरी शंभरातले पंच्याण्णवच लागणार. म्हणून नवशिका पोरगा वाराचा जोर वाढवण्यामागे लागतो, नि जुना खेळाडू आधी विचारतो : माझी उणीव कुठे आहे? वार लागतच नसेल तर जोर वाढवून करायचे काय? "आधी नेम, मग जोर," असे चिरंजीवांचे सूत्र आहे. हेच वाक्य मी त्याला बीजगणिताबद्दल गेली तीन वर्षे सांगत आलो. पण ते माझ्या तोंडून आल्यामुळे त्याला पटले नव्हते.

त्याच्या मित्रांपैकी काहीजण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा दुसरा खेळ खेळतात. त्यात २००७ सालापासून कोंदणांनाच रंग आले : तांबडे, पिवळे, निळे. रंगाला रंग जुळवला तर वर थोडे बक्षीस. नारिंगी खडा तांबड्यातही चालतो नि पिवळ्यातही, जांभळा तांबड्यातही नि निळ्यातही. पण बक्षिसाच्या लोभाने रंग जुळवीत बसावे की रंग सोडून आपल्याला हवा तो गुण घ्यावा, यावर मुले बुद्धिबळपटूंसारखी वाद घालतात. मला हे मान्य केलेच पाहिजे की, आमच्या लहानपणी गोट्या खेळताना आम्ही एवढा विचार केला नव्हता.

एका गोष्टीची मात्र मी त्याला तंबी दिली. हल्ली काही खेळ फुकट देतात नि खडे विकत देतात. याच घराण्यातला 'डायब्लो इम्मॉर्टल' हा खेळ २०२२ साली मोबाईलवर आला. त्यातले भारी खडे मिळवण्यासाठी लोकांनी खरे पैसे ओतले, आणि त्यावरून जगभर ओरड झाली. बेल्जियम नि नेदरलँड्स या देशांत तो खेळ काढलाच नाही, कारण पैसे भरून नशिबाची पेटी उघडणे तिथे जुगाराच्या पंक्तीला बसण्याचा प्रश्न होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी एक रुपया घातला नाही." मी बँकेचे पासबुक तपासले. खरे होते. ज्या आईबापांनी आपला मोबाईल मुलांच्या हाती दिला आहे, त्यांनीही एकदा तपासावे.

हे सर्व चालू असताना तिकडे चाकणला खऱ्या नीलमाचा प्रश्न उभा राहिला होता.

आमच्या मेहुण्यांचा चाकणजवळ छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे भाड्याची शेड, तीन सीएनसी लेथ, एक जुने मशिन आणि सहा माणसे. या भागाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, भाताच्या नि ज्वारीच्या शेतांत शेडी उभ्या राहिल्या. पुढे जागा अपुरी पडली तसे कारखाने नाशिक रस्त्याने उत्तरेला सरकले. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ सालचा, फोक्सवॅगनचा २००९ सालचा. या बड्या कारखान्यांच्या सावलीत मेहुण्यांसारखे शेकडो लोक दांडे, बुश नि नळ्या करून पोट भरतात. ज्या चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाएस्तेखानाच्या फौजेपुढे सुमारे दोन महिने लढवला, त्याच चाकणला आमचे मेहुणे गेली अकरा वर्षे बँकेच्या हप्त्यांपुढे झुंजत आहेत.

श्रावणात त्यांचा माल परत येऊ लागला. एका मोठ्या कारखान्याला ते पोलादी दांडे पुरवतात. एक लॉट परत आला, मग दुसरा. तिसरा परत आला तर काम दुसऱ्याला देऊ, असे कळवण्यात आले. त्या कामावर निम्म्याहून अधिक धंदा उभा होता. सहा माणसांचा दिवाळीचा बोनस तर सोडाच, पगाराचीच पंचाईत व्हायची वेळ आली.

अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे जे करतात तेच सासूबाईंनी केले. त्यांनी पत्रिका बाहेर काढली. मेहुण्यांची रास कुंभ. साडेसातीचा शेवटचा टप्पा चालू. ज्योतिषीबुवांनी नीलम सांगितला. उजव्या हाताचे मधले बोट, शनिवारी सकाळी. जातिवंत खड्याची किंमत साठ हजारांच्या घरात. एवढे पैसे मेहुण्यांकडे नव्हते, म्हणून सासूबाई आपल्या पाटल्या मोडायला निघाल्या. त्या पाटल्या त्यांना त्यांच्या सासूबाईंनी घातलेल्या. सौ.ला हे कळले तेव्हा ती रात्रभर झोपली नाही. पाटल्यांवर तिचा डोळा नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. आईचे मोकळे हात तिला डोळ्यांसमोर आणवेनात.

"तुम्ही काहीतरी बोला ना दादाशी," ती म्हणाली.

मी काय बोलणार? मी हिशेबनीस माणूस. रत्नशास्त्र मला येत नाही, आणि लेथ तर त्याहून नाही. पण जावयाने सासुरवाडीचे बोलावणे टाळू नये. एका रविवारी (मेहुण्यांच्या कारखान्याची सुटी गुरुवारी) चिरंजीवांना बरोबर घेऊन मी निघालो. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि मग नाशिक रस्त्यावर ट्रकांच्या मागे इतका वेळ उभे राहिलो की, तेवढ्या वेळात पायी आळंदीला जाऊन दर्शन घेऊन परत येता आले असते.

शेडमध्ये एक वयस्कर सेटर आहेत. खेड तालुक्यातले, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मेहुणे फोनवर होते, म्हणून तात्यांनीच आम्हांला कारखाना दाखवला. एका कपाटात लहान लहान प्लॅस्टिकच्या डब्या होत्या. तात्यांनी एक उघडली. आत सोनेरी झाक असलेले करंगळीच्या नखाएवढे चौकटी तुकडे, मधोमध भोक.

"हे आमचे खडे," तात्या म्हणाले. "दांड्याच्या टोकाला खाच असते, तिच्यात हा बसवायचा नि स्क्रूनं आवळायचा. कापतो तो हाच. बाकीचं सगळं मशिन याला धरायला."

चिरंजीवांचे डोळे चमकले. "म्हणजे कोंदण!"

"आणि डब्यांवरचा रंग बघ. निळा म्हणजे पोलादासाठी. पिवळा स्टेनलेससाठी. तांबडा बिडासाठी. हिरवा अॅल्युमिनियमसाठी, राखाडी कडक केलेल्या पोलादासाठी. साऱ्या जगात हेच रंग. भलत्या धातूला भलता रंग लावला की टोक गेलं."

चिरंजीवांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच आजवर हे रंग त्यांच्यापासून लपवून ठेवले होते.

तात्यांकडून त्या दिवशी मला जे कळले ते थोडक्यात सांगतो. हे तुकडे टंगस्टन कार्बाइडचे असतात. टंगस्टन नि कर्ब यांची बारीक भुकटी कोबाल्टच्या मदतीने दाबून, भाजून घट्ट करतात. जर्मनीतील क्रुप कंपनीने गेल्या शतकातील विशीच्या दशकात हा माल बाजारात आणला, तेव्हा त्याचे नाव ठेवले 'विडिया'. जर्मन भाषेत 'हिऱ्यासारखा' या शब्दांची ती आद्याक्षरे. आपल्याकडचे जुने कारागीर अजून 'विडियाची टिप' म्हणतात, तो हा शब्द. म्हणजे रत्नाशी नाते नावातच आहे. सोनेरी रंग असतो तो टायटॅनियमच्या संयुगाच्या पातळ थराचा. एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस थर मावतील.

मी माझ्या मते फार हुशारीचा प्रश्न विचारला : "हिऱ्यासारखा कशाला? खरा हिराच का लावीत नाही?"

"लावतो की," तात्या म्हणाले, "पण अॅल्युमिनियमला. तिथं हिऱ्याची टिप महिनोन्‌महिने चालते. पोलादाला हिरा लावला तर पोलादच हिऱ्याला खातं."

ही गोष्ट मला नवीन होती. हिरा म्हणजे शुद्ध कर्ब. कापताना जी उष्णता होते, तीत हिऱ्याचा कर्ब लोखंडात विरघळून जातो नि धार गळते. सर्वांत कठीण, सर्वांत महाग, आणि ज्या धातूवर आपला संसार चालतो त्याच्यापुढे कुचकामी! कडक पोलादासाठी निराळाच खडा लागतो. बोरॉन नि नायट्रोजन यांचा तो पदार्थ अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी १९५७ साली प्रथम तयार केला. कारखान्यात त्याला सीबीएन म्हणतात. कठीणपणात हिऱ्याखालोखाल, पण लोखंडाशी त्याचे भांडण नाही. माणिक तलवारीत की चिलखतात, हा प्रश्न इथेही होताच म्हणायचा.

आणि इथेच मेहुण्यांच्या दुखण्याचे मूळ होते. पण ते आम्हांला अजून कळले नव्हते.

मेहुणे फोन संपवून आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "दाजी, आता याहून भारी सीबीएन आणायचा विचार आहे. एकेक टिप हजारोंची, पण नाइलाज आहे. नाही तर मग आई म्हणते तसं..." आणि त्यांनी मधल्या बोटाकडे पाहिले.

चिरंजीवांनी विचारले, "मामा, माल परत येतो तो मोठा निघतो म्हणून की छोटा निघतो म्हणून?"

"छोटा. नेहमी छोटाच."

"कधीच मोठा नाही?"

"नाही."

"मग टिप बोथट नाही, मामा. टिप झिजली तर माल मोठा होईल ना? हा तर नेम चुकतोय, तोही एकाच बाजूला. जोर वाढवून काय होणार?"

मेहुणे हसले. पण तात्या हसले नाहीत. ते काही वेळ गप्प राहिले, आणि मग शेजारच्या ट्रेमधला एक दांडा त्यांनी उचलून हातात धरला. मशिनवरून नुकताच उतरलेला. "साहेब, हा गरम आहे," ते म्हणाले.

पुढचा हिशेब मी केला. माझ्या धंद्याचा तेवढाच उपयोग. पूर्वी हे दांडे कडक केल्यावर ग्राइंडिंगला बाहेर पाठवीत. तिथे कूलंटच्या धारेखाली काम होते, दांडा थंडगार उतरतो. यंदा आषाढात मेहुण्यांनी खर्च वाचवण्यासाठी ग्राइंडिंग बंद केले नि सीबीएनने लेथवरच कोरडे काम सुरू केले. दांडा उतरतो तो ऊन. ऑपरेटर तो लगेच मायक्रोमीटरने मोजतो. आता पोलादाचा एक मीटरचा तुकडा एका अंशाने तापला की सुमारे साडेअकरा मायक्रॉनांनी वाढतो. चाळीस मिलिमीटर व्यासाचा दांडा मायक्रोमीटरपेक्षा वीस अंशांनी ऊन असेल तर तो सुमारे नऊ मायक्रॉन जाड दिसणार. नऊ मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाचा जेमतेम आठवा हिस्सा. पण त्या दांड्याला सूट होती एकंदर सोळा मायक्रॉनांची. मध्यापासून इकडे आठ, तिकडे आठ. ऑपरेटर बिचारा माप अगदी मधोमध ठेवी. दांडा निवला की नऊने खाली, म्हणजे रेघेच्या एक मायक्रॉन बाहेर! जितका काळजीपूर्वक काम करावे, तितका माल खात्रीने वाया.

घेणारा कारखाना मापे घेतो ती वीस अंशांवर ठेवलेल्या गार खोलीत. जगभर मापाचे प्रमाण तापमान तेच आहे. तात्यांनी आदल्या रात्रीचा, पूर्ण निवलेला ट्रे मोजायला घेतला. पहिला दांडा छोटा. दुसरा छोटा. पाचवा मोजून झाल्यावर मेहुणे स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी पंख्याकडे पाहत राहिलो.

उपाय अगदीच साधा निघाला. बिडाची एक जाड फरशी पंख्याखाली मांडली. दांडे तिच्यावर तासभर निववायचे, शेजारीच त्याच मापाचा एक प्रमाणित तुकडा ठेवायचा, आणि त्याच्याशी ताडून माप घ्यायचे. खर्च आला तो एका पाटलीच्या घडणावळीइतकाही नव्हता. तिसरा लॉट गेला. मेहुण्यांबरोबर मीही त्या कारखान्याच्या तपासणी खोलीत गेलो होतो. तिथले मोजणीचे यंत्र आपली बारीक दांडी दांड्याला हळूच टेकवून माप घेते, आणि त्या दांडीच्या टोकाला एक तांबडी गोळी असते. मी विचारले तेव्हा तिथला तरुण इंजिनिअर म्हणाला, "माणिक आहे." कारखान्यात बनवलेले माणिक; फ्रान्समध्ये ओग्यूस्त वेर्नुई यांनी १९०२ साली ही कृती जाहीर केली तेव्हापासून माणिक खाणीचे मिंधे राहिले नाही. तिथेही नेमके तेच : बहुतेक कामांना माणिक, पण अॅल्युमिनियमवर घासत न्यायचे असेल तर ते गोळीला चिकटते, म्हणून दुसरी गोळी. तर अशा रीतीने आमच्या मेहुण्यांच्या भाग्याचा निवाडा शेवटी एका माणकानेच केला. माल पास झाला.

माणकावरून मला वडिलांचे घड्याळ आठवले. एचएमटीचे, चावीचे, तबकडीवर '१७ ज्वेल्स'. लहानपणी मला वाटे, आत सतरा हिरे आहेत आणि गरज पडली तर आम्ही ते विकू. असतात ती हीच कारखान्यातली माणके. चाकांचे आस त्यांत फिरतात, म्हणजे घर्षण कमी होऊन घड्याळ अचूक चालते. सतरा पुरतात. परंतु गिऱ्हाईक ज्वेल्स मोजून किंमत देते हे पाहून काही परदेशी कंपन्यांनी शंभर-शंभर ज्वेल्सची घड्याळे काढली. वरचे सगळे नुसते शोभेला चिकटवलेले, कोणाचाही भार न उचलणारे. शेवटी १९७४ साली आंतरराष्ट्रीय मानक करावे लागले की, जे दगड काम करीत नाहीत ते मोजू नयेत. चिरंजीवांच्या भाषेत, पंचाहत्तर टक्क्यांवरचे खडे.

आता नीलमाचे. ज्योतिषाबद्दल मी इथे वाद घालणार नाही. सासूबाई हे सदर वाचतात. फक्त एक रसायनशास्त्रातील गोष्ट सांगतो. नीलम नि माणिक हे एकाच खनिजाचे दोन रंग. दोन्ही कुरुंद, म्हणजे अॅल्युमिनियमचे ऑक्साइड. त्यात क्रोमियमचा अंश आला की माणिक, लोखंड नि टायटॅनियमचा आला की नीलम. आणि ज्याने आपण सुऱ्यांना धार लावतो, ज्याची ग्राइंडिंगची चाके करतात, तेही बहुधा कुरुंदच. मी मेहुण्यांना म्हटले, "शनीला कुरुंदच हवे असेल तर तुमच्या जुन्या मशिनवर अडीच किलो आहे." ते मोठ्याने हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

ज्या घरात खडा घ्यायचाच ठरले असेल त्यांनी मात्र एवढे करावे : प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे, खडा नैसर्गिक की कृत्रिम, तापवलेला की काच भरलेला, हे त्यात वाचावे, आणि घरातले जुने सोने मोडून किंवा कर्ज काढून तो घेऊ नये. दैव फिरवण्याचा खर्च दैव फिरण्याआधीच भरावा लागतो, ही त्या व्यवहाराची अडचण आहे.

सासूबाईंची समजूत कशी घातली? घातलीच नाही. त्यांनी पाटल्या मोडायच्या थांबवल्या, पण अर्ध्या रस्त्यावरून परत फिरतील त्या सासूबाई कसल्या! नीलमाऐवजी नऊशे रुपयांचे एक जांभळे उपरत्न आणले, नि चांदीत बसवून शनिवारी मेहुण्यांच्या बोटात घातले. त्याच आठवड्यात तिसरा लॉट पास झाला. आता चाकणला श्रेयाच्या तीन वाटण्या आहेत. सासूबाई अंगठीला देतात, चिरंजीव आपल्या खेळाला देतात आणि तात्या कोणालाच काही देत नाहीत. ते फरशीवरचे दांडे उलटसुलट करून ठेवतात. परवा मी मेहुण्यांना एकटे गाठून विचारले, "खरे सांगा, अंगठी कशाला घालता?" ते म्हणाले, "दाजी, आईनं घातली आहे. मशिनवर जाताना काढून ठेवतो. तात्यांचा नियम आहे, लेथवर हातात काही नको."

खंडेनवमीला आम्ही सगळे शेडवर गेलो होतो. लेथ धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. निळ्या, पिवळ्या, तांबड्या डब्या एका ताटात मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले, आणि तात्यांच्या आग्रहावरून मायक्रोमीटरलाही. सासूबाईंनी ओवाळले तेव्हा पाटल्या हातात वाजत होत्या. सौ. तिकडेच पाहत होती. मग मेहुण्यांनी सहा पाकिटे काढली. पाकिटात पूर्ण बोनस नव्हता, निम्माच होता. उरलेला संक्रांतीला देतो म्हणाले. कोणी तक्रार केली नाही.

परतताना मोटारीत चिरंजीव म्हणाले, "बाबा, बारावीनंतर मी टूलमेकिंगचा कोर्स घेऊ का?"

मी म्हटले, "आधी बीजगणिताचा नेम बघ."

"ते बघतोच," तो म्हणाला. "पण घेऊ का?"

मी अजून उत्तर दिलेले नाही. सौ. म्हणते, दिवाळीच्या पाडव्याला द्या.